अनुभव आहे म्हणून बी.एड.चा छात्रसेवाकाल माफ होतो का?

खासगी शाळेत चार-पाच वर्षं मराठी शिकवून मग बी.एड.ला गेलेली पोरं-पोरी एक सवाल हमखास विचारतात: अनुभवाचा दाखला जोडला तर छात्रसेवाकाल माफ होईल का?

नाही होत. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढावे लागतात. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. कॉलेजातल्या तासांना ८० टक्के हजेरी चालते, छात्रसेवाकालाला मात्र ९० टक्के लागते. कॉलेजला हे आपल्या पातळीवर माफ करता येत नाही. त्यामुळं 'नॉन अटेंडिंग करून देतो' म्हणत जादा पैसे मागणारा कुणी भेटला तर सावध राहा. कागदावरची हजेरी उद्या पडताळणीत उघडी पडली, तर अडकणार विद्यार्थीच.

आणि शिकवायची सवय असली तरी मागच्या बाकावर बसून आपला तास कुणी तपासणं वेगळं. भाषेच्या तासाला तर जास्तच. घरी अहिराणी बोलणारं पोर वर्गात 'पानी' म्हणालं, तर त्याला तिथंच टोकायचं, की बोलू द्यायचं आणि लिहिताना 'पाणी' दाखवायचं? पाठ टाचणात हे सापडत नाही. पाठ संपल्यावर मार्गदर्शक दोन शब्द सुनावतात तेव्हा उमगतं.

अडचण खरी आहे ती पोटाची. एवढे आठवडे हातची नोकरी सोडायची कशी? म्हणून शाळा गावाजवळची मिळेल का, आणि दुसऱ्या वर्षीचे १६ आठवडे ऐन सुगीत येतात का, हे फी भरायच्या आधीच कॉलेजात विचारून घ्यावं.