साखळी पैज आणि मोंढ्यातली मोटर

गेल्या दिवाळी पाडव्याला भाचा न्यू जर्सीहून जालन्याला आला होता. फराळाची ताटं उचलल्यावर त्यानं मोबाइल काढला आणि एका पावतीचा फोटो दाखवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये खेळांवरच्या पैजांची वाट राज्यांना मोकळी करून दिली, आणि तो खटला न्यू जर्सीनंच लढवला होता. त्यामुळे तिकडे हा व्यवहार उघड चालतो. पावतीवर तीन सामने होते आणि खाली लिहिलं होतं, ‘राउंड रॉबिन’.

नाव मैदानावरचं आहे. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, त्याला आपण साखळी सामने म्हणतो. २०२३च्या विश्वचषकात दहा संघ होते, म्हणून साखळीत ४५ सामने झाले. दहातून दोन-दोनच्या जोड्या तेवढ्याच निघतात. पैजेतही हेच. क, ख, ग असे तीन संघ धरले, तर कख, खग, कग अशा तीन जोड्या. प्रत्येक जोडी ही स्वतंत्र पैज, आणि जोडीतले दोन्ही संघ जिंकले तरच पैसे. चार संघ धरले तर जोड्या सहा, पाच धरले तर दहा. कुणी सोबत तिघांची पैजही जोडतं. पण बटण एकदा दाबलं तरी रक्कम प्रत्येक जोडीमागे कापली जाते. शंभराची पैज म्हणून लावली आणि खात्यातून तीनशे गेले, हा नवख्याचा पहिला धडा.

शेजारी आमचे जुने मुनीमकाका बसले होते. मोंढ्यातल्या कापसाच्या अडतीवर त्यांची हयात गेली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “भाचे, ही तर मोटर आहे!”

मोटर म्हणजे मटक्यातली. तीन पत्ते निघतात, तो पाना. ४, ६, ८ निघाले तर बेरीज १८, तिचा शेवटचा अंक धरायचा, म्हणून आकडा ८. कुठले तीन पत्ते येतील हे कळत नाही, तेव्हा खेळणारा पाच अंक धरतो आणि त्यांतून होणारे दहाही पाने लावून टाकतो.

काकांच्या तोंडी मटका यावा यात नवल नाही, कारण हा खेळ कापसातूनच निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव मुंबईला यायचा, त्यावर आकडे लागायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींनी न्यू वरळी. कापूस गेला, चिठ्ठ्यांचं मडकं आलं, पुढे पत्ते आले.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॅकपॉट लावणाराही एका शर्यतीत दोन, दुसरीत तीन घोडे धरतो, तेव्हा त्याची तिकिटं अशीच फुगतात.

आता हिशोब. तो काकांनी चिवड्याच्या पुडीच्या कागदावर मांडला. तुल्यबळ संघांचा सामना असला की पैज घेणारा साधारण १.९० भाव देतो, म्हणजे शंभर लावले तर मुद्दलासह १९०. खरं तर दोनशे यायला हवेत. मधले दहा ही त्याची दलाली. लांब पल्ल्यानं पाहिलं तर शंभरातले पाच रुपये त्याचे. जोडी लावली की १.९० गुणिले १.९०, म्हणजे ३६१ रुपये. ती चारदा लावली तर सरासरी एकदा लागणार, म्हणून शंभरामागे परत येतात सव्वानव्वद. कपात पाचावरून पावणेदहावर गेली! तीन जोड्या, तीनशे रुपये: तिन्ही संघ जिंकले तर १,०८३. दोन जिंकले तर ३६१, म्हणजे वर ६१. एक जिंकला किंवा एकही नाही, तर तीनशे बुडाले. आणि आठ शक्यतांपैकी चार अशाच आहेत.

मटक्यात आकड्याला एकास नऊ आणि ओपन-क्लोजच्या दोन आकड्यांच्या जोडीला एकास नव्वद हा रूढ भाव. दहा आकडे, शंभर जोड्या. म्हणजे शंभरातले दहा पैज घेणाऱ्या खाईवालाचे.

काकांनी पावणेदहाखाली रेघ मारली. “म्हंजे कल्याण मटक्यातली जोडीच की. फक्त तुमच्यात चिठ्ठी रंगीत.”

मला वाटतं, राउंड रॉबिनची खरी विक्री दिलाशावर होते. एक संघ चुकला तरी सगळं जात नाही, हे खरंच आहे. पण तो दिलासा फुकट मिळत नाही. जोडी लावल्यामुळे दलाली दोनदा कापली जाते.

आपल्याकडे मटक्यावर अजून १८८७चाच जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. घोड्यांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ ठरवलं, म्हणून ती वेगळी. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पंचांगात मात्र पाडव्याचं एक नाव द्यूतप्रतिपदा आहे, आणि जालन्याच्या व्यापारी घरांत त्या रात्री तीनपत्तीचा डाव पडतोच.

“या पावतीचं काय झालं?” मी विचारलं.

“दोन लागले, मामा. वर सुटले.”

“आणि बाकीच्या पावत्यांचे फोटो?” काकांनी विचारलं.

भाच्यानं मोबाइल खिशात टाकला आणि करंज्यांचा डबा पुढे ओढला.