आवार झाडताना घरट्यांची जाण ठेवू या

१४ एप्रिलची भीमजयंती आणि पाठोपाठ बुद्धपौर्णिमा जवळ आली की नाशिकमधील आपल्या विहारांच्या आवारात श्रमदान सुरू होते. कुंपणाची मेंदी छाटली जाते, वाळक्या फांद्या उतरवल्या जातात, पालापाचोळ्याचा ढीग करून पेटवला जातो. काम श्रद्धेने होते. परंतु हेच दिवस अनेक पक्ष्यांच्या विणीचे असतात, याचा आपल्याला विसर पडतो. काही वर्षांपूर्वी आम्हीच छाटलेल्या मेंदीत बुलबुलाचे घरटे निघाले. दोन पिले खाली पडली. ती वाचली नाहीत. आवार स्वच्छ झाले, पण मनाला चुटपूट लागून राहिली. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम कोण कोठे राहतो ते पाहू. बुलबुल दाट झुडपात, आपल्या कमरेएवढ्या उंचीवरही वाटीसारखे घरटे करतो. शिंपी पक्षी हिरवी पाने शिवून त्यात घर करतो. तांबट वाळक्या फांदीत भोक पाडतो, तर दयाळ ढोली शोधतो. म्हणजे आपण निरुपयोगी समजून तोडतो ती फांदी कुणाचे तरी घर असते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात.

यावर उपाय सोपे आहेत. मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात उरकावी. उन्हाळ्यात छाटणे भागच असेल तर आधी थोडा वेळ दूर उभे राहून पाहावे. चोचीत काडी किंवा किडा घेऊन पक्षी एकाच जागी वारंवार जात असेल, तर तेथे घरटे आहे असे समजावे व तेवढा भाग सोडावा. बुलबुलाची अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत सुमारे चार आठवडे लागतात. तेवढेच थांबायचे असते. पालापाचोळा जाळू नये, खड्ड्यात कुजवून खत करावे. पंख न फुटलेले पिलू पडलेले दिसल्यास अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकतात, हा समज खरा नाही. पिसे आलेले पिलू मात्र उचलून नेऊ नये. त्याचे आईबाप जवळपास असतात.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे यांचा समावेश आहे.

आणि कायद्याच्याही कितीतरी आधी सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस आदी पक्ष्यांना अवध्य ठरविले. ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये, अशीही आज्ञा केली. पाचोळा पेटविण्यापूर्वी आपण ती आठवावी.

विद्यार्थी मित्रांनी यंदा श्रमदानाच्या आदल्या दिवशी आवारात फेरी मारून घरट्यांच्या जागी सुतळी बांधावी, आणि मोठ्यांनी ती सुतळी मानावी. पहिले शील केवळ वंदनेपुरते न राहता आपल्या कोयत्यापर्यंत पोहोचावे, एवढीच आमची विनंती आहे.