सण राहिला, बोलीचे काय?

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गणपती वाजतगाजत विसर्जनाला निघतात. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी 'झाकरी' रंगते. पाहणाऱ्याला वाटावे, आपण रत्नागिरीतच आहोत! पण नाच थांबला, की तरुण मुले आपसांत बोलतात ती बहुधा क्रेओल. इतक्या पिढ्यांत सण टिकला आणि बोली मागे पडली, असे का व्हावे?

त्याचे मूळ उसाच्या मळ्यांत आहे. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसे होती. मराठी माणूस तिथे पहिल्यापासून अल्पसंख्य. शेजारी कुणी भोजपुरी, कुणी तमिळ, कुणी तेलुगू बोलणारा. मग फ्रेंचमधून घडलेली क्रेओलच सगळ्यांच्या सोयीची झाली.

सण वर्षातून एकदा येतो आणि चार घरे एकत्र आली तरी साजरा होतो. भाषेचे तसे नाही. तिला रोज काम लागते: बाजारात, भांडणात, लेकराला थोपटताना. ते काम दुसऱ्या भाषेने घेतले, की पहिली देव्हाऱ्यात जाऊन बसते. तिला नमस्कार होतो, तिच्याशी बोलणे होत नाही.

तिथल्या मराठी समाजाने हात टेकले नाहीत. प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. पण २०१२ पासून क्रेओलही शाळेत ऐच्छिक विषय झाली. आता आईबापांपुढे प्रश्न येतो: मुलाने घरात बोलतो ती भाषा शिकावी, की पणजोबा बोलत ती? आणि शाळेतली मराठी पुस्तकी, तर पणजोबांची कोकणी वळणाची. शाळा अक्षरओळख देते. रागवायचे कसे आणि लाडावायचे कसे, हे घरानेच द्यावे लागते.

आज न्यूजर्सीत, लंडनमध्ये मराठी मंडळी हौसेने रविवारच्या शाळा चालवतात. त्यांच्या हाती मळ्यावरच्या मजुराला न मिळालेली एक गोष्ट आहे: फोनवर रोज भेटणारी आजी. पण 'हाय आजी, बाय आजी' एवढ्यावर बोलणे आटोपले, तर त्या सोयीचा उपयोग काय? आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नातवंडांचे तरी काय वेगळे आहे?

तेव्हा नातवाने 'मी पाणी पिली' म्हटले, तर हसू नका. चूक हळूच सुधारा आणि बोलणे पुढे चालू ठेवा. हशाला बुजलेले मूल दुसऱ्या दिवशी इंग्रजीत पाणी मागते. आणि तिथूनच एकेक शब्द घराबाहेर पडू लागतो.