रोजची एक गोळी

क्षयाच्या रोग्याचें ताट-तांब्या वेगळें काढण्याची रीत आमच्या नाशिकच्या जुन्या वाड्यांतून एके काळीं होती, हें पुष्कळांनीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकलें असेल. एच्.आय्.व्ही.चें नांव निघतांच तीच रीत आजही डोकें वर काढते. आणि औषध हुकण्याचें एक मोठें कारण आम्हांला तेंच दिसतें.

औषध आहे, आणि तें चांगलें आहे. हा विषाणु रक्तांतील पांढऱ्या पेशींत शिरून आपल्या बीजद्रव्याची नक्कल करतो, ती पेशीच्या बीजद्रव्यांत जोडून देतो, आणि मग ती पेशीच त्याची प्रजा वाढवूं लागते. टेनोफोव्हिर व लामिव्हुडीन हीं औषधें ती नक्कल होऊं देत नाहींत. डोल्युटेग्रॅव्हिर ती जोडूं देत नाहीं. तिहींची मिळून एकच गोळी, दिवसांतून एकदां. एकट्या औषधाला विषाणु लवकरच जुमानीनासा होतो, हा १९८७ सालच्या झिडोव्हुडीनचा अनुभव. म्हणून १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याचा प्रघात पडला. तीं तेव्हां श्रीमंत देशांनाच परवडत. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें हा उपचार वर्षाला ३५० डॉलरांस देऊं केला, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनें तो फुकट देण्यास आरंभ केला. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयांतही तो विनामूल्य मिळतो.

मग अडतें कोठें? विषाणूचा कांहीं अंश निद्रिस्त पेशींत दडून राहतो. तेथें औषधाची मात्रा चालत नाहीं. गोळी थांबली कीं थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा वाढतो, आणि वरचेवर चुकली तर औषधास दाद न देणारी जात निपजते. म्हणून ती रोज, आणि जन्मभर. आतां एकत्र कुटुंबांतील सुनेनें ती ठेवावी कोठें? कपाट सामायिक, स्वयंपाकघरांत सासूबाई, माजघरांत पाहुणे! बाटलीवरचें नांव खरडून ती धान्याच्या डब्यांत दडवावी, तर लग्नकार्याला चार दिवस गांवीं गेलें कीं ती डब्यांतच राहते. ओळखीचें कोणी भेटेल या धास्तीनें कित्येक जण जवळचें केंद्र सोडून परगांवीं जातात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा हंगाम ऐन भरांत आला कीं ती खेप चुकते.

आणि हें सारें ज्या भीतीपायीं, ती भीतीच निराधार! एका पंक्तीस जेवल्यानें, एका तांब्यानें पाणी प्याल्यानें किंवा मूल कडेवर घेतल्यानें हा रोग लागत नाहीं. नियमित औषधानें विषाणु रक्ताच्या तपासणींत सांपडेनासा झाला व तसाच राहिला, तर पतिपत्नीच्या संबंधांतूनही तो जोडीदारास जात नाहीं. गरोदरपणीं औषध चालू असेल तर बाळास लागण होण्याचा संभव फारच थोडा उरतो. अशा मुलाला सामायिक घरांत राहण्याचा व तेथील सोयी वापरण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानें दिला आहे. पण माजघराच्या उंबऱ्याआंत कायदा कितीसा पोंचणार?

तरी अशींही घरें आहेत कीं जेथें आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारीं, त्याच कोनाड्यांत, सुनेची बाटली उघडी ठेवलेली असते, आणि रात्रीं पानें उचललीं कीं सासूबाईच विचारतात, "गोळी घेतलीस का ग?"