जनुकांच्या यादीचा अर्थ कसा लावायचा? : डेव्हिड संगणक प्रणालीची ओळख

आरएनए सीक्वेन्सिंगसारख्या प्रयोगातून शेवटी हाती येते ती शेकडो जनुकांची यादी. प्रत्येक जनुकाची माहिती स्वतंत्रपणे वाचून पेशीत नेमके काय बदलले हे कळत नाही. त्यासाठी जनुकांचे कार्यानुसार गट पाडावे लागतात. हे काम करणारी एक विनामूल्य ऑनलाइन प्रणाली म्हणजे 'डेव्हिड'. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये ती विकसित झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

माहितीचे स्रोत

डेव्हिड अनेक माहितीसाठे एकत्र वापरते. त्यांपैकी दोन महत्त्वाचे :

१. जीन ऑन्टॉलॉजी : जनुकाचे वर्णन तीन अंगांनी करते. रेणूपातळीवरचे कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतील स्थान.

२. केग : जपानमधील क्योतो विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेला साठा. यात ग्लायकोलिसिससारखे जैविक मार्ग नकाशांच्या रूपात दिलेले असतात.

गणित काय आहे?

समजा, मानवी जनुके २०,००० धरली आणि त्यांपैकी ६०० मेद-चयापचयाशी संबंधित आहेत, म्हणजे ३ टक्के. आपल्या यादीत २०० जनुके आहेत. निव्वळ योगायोगाने त्यांत या गटाची ६ जनुके यायला हवीत; प्रत्यक्षात १२ सापडली. म्हणजे प्रमाण दुप्पट झाले. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.)

ही वाढ योगायोगाने होण्याची शक्यता किती, हे फिशरच्या चाचणीने काढतात. डेव्हिड तिचे अधिक कडक रूप वापरते : सापडलेल्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे १२ ऐवजी ११ धरून, पी-मूल्य काढते. त्यामुळे एखाददुसऱ्या जनुकावर उभा असलेला निष्कर्ष आपोआप कमकुवत ठरतो.

सर्वांत मोठा धोका : पार्श्वभूमी

वरील उदाहरणात तुलना कशाशी केली? सर्व २०,००० जनुकांशी. पण नमुना यकृताचा असेल आणि त्यात १०,००० जनुकेच सक्रिय आढळली असतील तर? मेद-चयापचय हे यकृताचे नेहमीचेच काम. ती ६०० जनुके या १०,००० मध्येच असतील, तर प्रमाण ६ टक्के होते. मग २०० जनुकांत १२ अपेक्षितच आहेत आणि सापडलीही १२च! म्हणजे औषधाचा किंवा आजाराचा परिणाम म्हणून आपण जे मांडणार होतो, ते केवळ यकृताचे यकृतपण होते. म्हणून प्रयोगात आढळलेल्या सर्व जनुकांची यादी पार्श्वभूमी म्हणून स्वतः द्यावी.

आणखी दोन दक्षता

• एकाच वेळी १,००० स्वतंत्र गट तपासले, तर ०.०५ या मर्यादेवर सुमारे ५० गट केवळ योगायोगाने 'महत्त्वाचे' दिसू शकतात. म्हणून मूळ पी-मूल्यावर न थांबता बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने सुधारलेले मूल्य पाहावे.

• स्प्रेडशीटमध्ये 'सेप्ट२' हे जनुकनाव '२ सप्टेंबर' होऊन बसते. २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलण्यात आली. आता ते 'सेप्टिन२' आहे. जुन्या फाइली मात्र तपासून घ्याव्यात.

लक्षात ठेवा : एखादा मार्ग यादीत वर आला म्हणजे तो पेशीत अधिक सक्रिय झाला असे सिद्ध होत नाही. वाढलेली आणि घटलेली जनुके वेगळी तपासा आणि मिळालेला निष्कर्ष प्रयोगाने पडताळा.

स्वाध्याय : वरील उदाहरणात यकृतात त्या ६०० पैकी ३०० जनुकेच सक्रिय असती, तर अपेक्षित संख्या किती आली असती? निष्कर्ष बदलला असता का?