डॉक्टर, जरा थांबा

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात. औषधं त्यातून जातात. जंतूंनाही रक्तात शिरायला तीच वाट मिळते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी ही वाट रोखण्यासाठी २००१ मध्ये पाच गोष्टींची यादी केली: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, निर्जंतुक चादर-गाऊन-हातमोजे आणि टोपी-मास्क वापरणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण आता डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर तातडीची वेळ वगळता नर्सने काम तिथेच थांबवायचं आणि प्रशासनाने तिच्या पाठीशी उभं राहायचं, असं ठरलं. खरी ताकद यातच होती. वरिष्ठाला टोकणं कुठल्याही वॉर्डात सोपं नसतं.

पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी ही पद्धत उचलली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दीड वर्षात अशा रक्तसंसर्गाच्या प्रमाणात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली.

नळी बसल्यानंतरची राखण मुख्यतः नर्सचीच. औषध देण्याआधी नळीचं तोंड अल्कोहोलने घासायचं, ओलं किंवा सुटलेलं ड्रेसिंग लगेच बदलायचं आणि रोजच्या राउंडला विचारायचं, ही नळी आज हवी आहे का?