स्वस्त पंप आणि खाऱ्या पाण्याची टाकी : दुकानदाराने विकण्यापूर्वी काय पाहावे?

वसई-विरार पट्ट्यात शोभेच्या माशांचा धंदा करणारे अनेक बांधव आहेत. कोणी काचेच्या टाक्या बनवितो, कोणी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून देतो, तर कोणी कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटहून माल आणून नालासोपारा, विरार, नायगावच्या नव्या वस्त्यांत विकतो. गोड्या पाण्यातील गोल्डफिश आणि गप्पीवर हा धंदा वर्षानुवर्षे चालला. अलीकडे मात्र खाऱ्या पाण्याच्या टाकीची, ज्याला बाजारात 'मरीन' किंवा 'रीफ' म्हणतात, मागणी होऊ लागली आहे. 2003 साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशाला मुलांनी 'निमो' हेच नाव देऊन टाकले. त्या माशासाठी घरी खाऱ्या पाण्याची टाकी हवी, असा हट्ट तेव्हापासून घराघरांत आहे.

या टाकीत नफा चांगला असतो, पण दुकानदाराशी ग्राहकाचे भांडण होते तेही बहुतेक याच टाकीवरून. भांडणाचे मूळ शोधले तर ते मासा, मीठ किंवा काच यांत क्वचितच सापडते. ते सापडते चार-पाचशे रुपयांच्या पंपात.

प्रसंग साधारण असा घडतो. ग्राहक सकाळी सातची विरार लोकल पकडून चर्चगेटला कामावर जातो. अकरा वाजता वीज जाते आणि वीस मिनिटांनी येते. घरातले दिवे लागतात, पंखे फिरतात, पण टाकीतला पंप काही फिरत नाही. तो नुसता गुणगुणत राहतो. रात्री नऊला ग्राहक घरी येतो तेव्हा मासे तळाशी आडवे पडलेले असतात. सकाळी घर सोडताना त्याने पंप चालू पाहिलेला असतो. त्यामुळे दोष दुकानदाराने दिलेल्या माशाचा, अशी त्याची खात्री होते.

पंप चालू असताना ठीक चालतो आणि एकदा थांबला की उठत नाही, हे कोडे समजून घेण्यासारखे आहे. टाकीत बुडवून ठेवायच्या या लहान पंपात ब्रश नसतो, सील नसते आणि बेअरिंगही नसते. तांब्याची कॉइल रेझिनमध्ये बंद करून एका बाजूला ठेवलेली असते. दुसऱ्या बाजूला, पाण्यातच, एका दांडीवर दंडगोल चुंबक बसविलेले असते आणि त्याला पंख्याची पाती जोडलेली असतात. आपल्याकडील 50 सायकलच्या विजेवर हे चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेते. एकदा लय पकडली की ते बरीच अडचण सोसून फिरत राहते. मात्र थांबलेल्या स्थितीतून उठण्याची ताकद या रचनेत फारच कमी असते. चुंबकावर कागदाएवढा जाड थर बसला तरी ते जागच्या जागी थरथरते.

हा थर कसला? रीफच्या पाण्यात चुन्याचा अंश मुद्दाम भरपूर ठेवलेला असतो, कारण त्यातील जिवांना कवच आणि सांगाडा बांधायला तो लागतो. पंपाची कॉइल गरम होते आणि त्या उष्णतेने चुना नेमका चुंबकाच्या खोबणीत जाऊन बसतो. पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा कीट धरतो, तोच हा प्रकार. महागड्या पंपालाही कीट धरतोच. स्वस्त पंपात चुंबक आणि खोबण यांतील फट ओबडधोबड असते. कुठे जागा जास्त, कुठे घासण्याइतकी कमी. म्हणून तो आधी अडकतो.

दुसरा दोष दांडीचा. चांगल्या पंपात ती चिनी मातीसारख्या सिरॅमिकची असते. ती गंजत नाही, पण हातातून पडली की तुटते. स्वस्त पंपात पोलादाची असते आणि खोक्यावर 'स्टेनलेस' छापलेले असते. गोड्या पाण्यात ती वर्षानुवर्षे टिकेल. खाऱ्या पाण्यात मात्र थोड्याच दिवसांत तिच्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात. तिसरा दोष चुंबकावरील प्लास्टिकच्या आवरणाचा. त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरते, चुंबक गंजून फुगते आणि खोबणीत घट्ट बसते. मग पंप उघडायला पक्कड लागते.

सर्वांत वाईट दोष मात्र रेझिनचा. रेझिनला तडा गेला की कॉइलपर्यंत खारे पाणी पोचते आणि टाकीत वीज उतरते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. शिवाय कॉइलच्या तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी, शंख आणि प्रवाळ जातीचे जीव मरतात, कारण तांबे त्यांना विषासमान असते. मासे पोहत आहेत, पण कोळंबी आणि शंख एकामागून एक मरत आहेत, असे ग्राहकाने सांगितले तर आधी प्लग काढून सगळे पंप बाहेर काढावेत आणि उजेडात तपासावेत.

वाइंडिंगवाल्यांसाठी दोन शब्द

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखाने भरपूर आहेत आणि त्यांच्या आधाराने मोटार वाइंडिंग करणारे कारागीरही. त्यांच्याकडे असे जळालेले पंप दुरुस्तीला येतात. स्पष्ट सांगायचे तर हे काम घेऊ नये. रेझिन फोडून कॉइल पुन्हा भरता येईल. पण पुन्हा ओतलेले रेझिन खाऱ्या पाण्यात धरून राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. आणि त्या पाण्यात उद्या एखाद्या मुलाचा हात जाणार आहे. सिंचनाचा पंप वेगळा, हा वेगळा.

कारागिराची खरी मिळकत इथे सफाई, सुटे भाग आणि बसविण्यात आहे. अडकलेल्या दहा पंपांतील बहुतेकांची कॉइल शाबूत असते. पंप सोडवून, चुंबक आणि पाती समभाग पाणी व पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवली की चुना बुडबुडे सोडत विरघळतो. लिंबूसत्त्व लिटरला दोन-तीन चमचे टाकले तरी चालते आणि ते किराणा दुकानात मिळते. नंतर जुन्या दातांच्या ब्रशने खोबण घासावी आणि साध्या पाण्याने धुवावे. दर दोन-तीन महिन्यांनी हे केले तर स्वस्त पंपही दमदार चालतो. या कामाला कौशल्य थोडे आणि सवड जास्त लागते. ग्राहकाकडे नेमकी सवडच नसते, म्हणून तो पैसे देतो.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर 'ताशी 2000 लिटर' छापलेले असते. तो आकडा पाणी अजिबात वर न चढविता मोजलेला असतो. शेजारीच बारीक अक्षरांत 'कमाल उंची 2 मीटर' असे असते. त्याचा अर्थ दोन मीटरवर पंप पाणी पोचवितो असा नाही, दोन मीटरवर पाणी बाहेर पडणे बंद होते असा आहे. टाकीखालच्या कपाटात संप असेल तर पाणी सव्वा मीटर चढवावे लागते. तेवढ्या उंचीवर, नळीचे घर्षण धरून, 2000 च्या पंपाकडून सात-आठशे लिटर मिळाले तरी समाधान मानावे.

हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. 15 लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. नळी प्रत्यक्ष टाकीच्या उंचीवर धरून बादली 72 सेकंदांत भरली तर पंप ताशी 750 लिटर देतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 190 लिटर पाणी मावते. संपातून परत येणारे पाणी ताशी टाकीच्या तीन ते पाच पट असले की भागते, म्हणजे हा पंप तिला पुरतो. टाकीतील लाटांसाठी वेगळा वेव्हमेकर लावावाच लागतो. दुकानात ग्राहकासमोर बादली भरून दाखविणाऱ्या दुकानदाराचे वजन वाढते, आणि कोणत्या मालाचे आकडे फुगविलेले आहेत हे त्यालाही कळते.

दांडीची परीक्षाही अशीच सोपी आहे. नवीन माल आला की त्यातील एक पंप उघडून दांडी आणि स्क्रू एका बरणीत दाट मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवावेत. तांबूस रंग दिसला तर तो माल गोड्या पाण्यासाठीच विकावा. (मिठागरांच्या या तालुक्यात मिठाला तोटा नाही. पण ते मीठ या बरणीपुरतेच. टाकीसाठी तयार सागरी मिश्रणच घ्यावे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार प्रमाणात असतात. काही ग्राहक बचत म्हणून घरचे मीठ घालून पाहतात आणि महिन्याभरात दुकानात येऊन वाद घालतात.)

एका मोठ्याऐवजी दोन लहान

स्वस्त पंप विकूच नये असा आमचा आग्रह नाही. जर्मन किंवा इटालियन पंपाची किंमत नालासोपाऱ्यातील नोकरदाराला परवडत नाही, हे वास्तव आहे. पण स्वस्त पंप एकटा विकू नये. एक मोठा पंप देण्याऐवजी तेवढ्याच पाण्याचे दोन लहान द्यावेत. वीज आल्यावर एक अडकला तरी दुसरा पाणी हलवीत राहतो आणि मासे रात्रीपर्यंत तग धरतात. सोबत एक सुटे चुंबक-पाती द्यावे. ज्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत ते दुकानात ठेवूच नये.

वीज जाणे हा या भागातील जुना दुखणेकरी विषय. जुलै 2018 च्या पावसात वसई, नालासोपारा आणि विरारचे अनेक भाग पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली आणि पुष्कळ ठिकाणी वीजही नव्हती. अशा वेळी टाकीला सर्वांत आधी प्राणवायू लागतो. कोमट खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. त्यामुळे दाटीच्या टाकीत काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. 12 व्होल्ट, 7 अँपिअरची लहान बॅटरी आणि पाच वॅटचा हवेचा पंप असला तरी रात्र निघून जाते. घरी इन्व्हर्टर असल्यास तो साइनवेव्ह जातीचा आहे का, हे विचारावे. जुन्या स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप घरघरतात आणि तापतात.

बसविताना दोन गोष्टी विसरू नयेत. वीज गेली की परतीच्या नळीतून टाकीतील पाणी उलटे खाली येते आणि संप भरून घरभर पसरते. नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक भोक पाडले की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. त्या भोकात शेवाळ साचते, म्हणून ते अधूनमधून टाचणीने मोकळे करावे. दुसरी गोष्ट जिवाची आहे. टाकीच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा अर्थलिकेज ब्रेकर असावाच, आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळावरून खाली गळते. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हे ग्राहकाच्या घरातील सर्वांना सांगून यावे.

पंपाइतकीच कायद्याचीही काळजी घ्यायला हवी. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे यांचा 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला. त्यांची विक्री हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही त्यातून सुटत नाहीत. 'रीफ' म्हणून माल आणून देणारा दलाल हे सांगत नाही, आणि झडती येते तेव्हा तो दुकानात नसतो. शंका असलेला जीव वनखात्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. साधे सिरॅमिकचे दगड आणि हॅचरीत वाढलेले क्लाउन मासे यांवरही सुंदर टाकी उभी राहते. कोचीनच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे.

शेवटी बिलाचे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे नुकसान झाले तर निर्माता आणि विक्रेता दोघांकडेही बोट दाखविता येते. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव आणि पत्ता छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर निर्माता शोधायला कोणी परदेशात जाणार नाही, ग्राहक आपल्याच दुकानात येईल. म्हणून असा बेनामी माल कितीही स्वस्त मिळो, परत करावा. बिलावर पंपाचे मॉडेल, विक्रीची तारीख, बदलून देण्याची मुदत आणि 'दर दोन महिन्यांनी सफाई आवश्यक' हे हाताने लिहावे. त्यावर ग्राहकाची सही घ्यावी.

आणि मे महिन्यात, पावसाळ्यातील वीज जाण्याचा काळ सुरू होण्यापूर्वी, विकलेल्या टाक्यांची यादी काढून एक फेरी मारावी. एका दिवसात एका इमारतीतील पाच-सहा टाक्यांचे पंप धुऊन होतात. प्रत्येक पंप तीनदा बंद-चालू करून पाहावा. तिन्ही वेळा तो लगेच उठला नाही, तर चुंबक बदलूनच निघावे.